मिशा नसलेला पॉयरो

हर्क्युल पॉयरो म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बुटका बांधा, अंड्यासारखं डोकं आणि मेण लावून टोकं वर वळवलेल्या मिशा. आता हे चित्र पुसा. त्या जागी एक उंच, सडपातळ, देखणा गृहस्थ उभा करा. मिशीचा एक केस नाही. हे ऑस्टिन ट्रेव्हर, पडद्यावरचे पहिले पॉयरो. १९३१ मध्ये ‘अलिबाय’ आणि ‘ब्लॅक कॉफी’, मग १९३४ मध्ये ‘लॉर्ड एजवेअर डाइज’, अशा तीन चित्रपटांत त्यांनी ही भूमिका केली. ती आपल्याला का मिळाली, याचं त्यांनीच पुढे दिलेलं कारण साधं होतं: त्यांना फ्रेंच वळणाचं इंग्रजी बोलता यायचं.

मी ‘लॉर्ड एजवेअर डाइज’ पाहिला तो हसण्यासाठीच. तिशीच्या दशकातले स्वस्तातले ब्रिटिश गुन्हेपट ऑनलाइन बरेच सापडतात आणि त्यांतला अभिनय बघून खरंच हसू येतं. खुनाची बातमी ऐकून माणूस दोन सेकंद थांबतो, मग दचकतो. इन्स्पेक्टर दारातून आत येतो, टोपी काढतो, एका ठरलेल्या जागी जाऊन उभा राहतो आणि मगच बोलायला लागतो. समोरचा आपली पाळी येईपर्यंत पुतळ्यासारखा. प्रेयसी ‘नाही, नाही’ म्हणते ते जणू शेजारच्या इमारतीतल्या कुणाला तरी सांगतेय.

असे आठ-दहा चित्रपट बघून झाल्यावर मात्र हसू कमी झालं आणि वेगळाच प्रश्न पडला. यातले बरेचसे नट लंडनच्या वेस्ट एंडमध्ये नाटकं करणारे, कसलेले लोक होते. मग कॅमेऱ्यासमोर सगळ्यांचं एकदम काय बिघडलं? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एका माणसाकडून चूक झाली तर त्याच्याशी बोलतात. पण दहा वेगवेगळी माणसं नेमकी तीच चूक करायला लागली, तर माणसांना सोडून यंत्रणेकडे बघतात. इथेही तेच करायला हवं होतं.

यंत्रणेची सुरुवात होते एका कायद्यापासून. १९२०च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनच्या थिएटरांत लागणाऱ्या चित्रपटांपैकी जेमतेम पाच टक्के ब्रिटिश होते. उरलेले बहुतेक हॉलिवूडचे. जगभर साम्राज्य आणि आपल्याच गल्लीतल्या थिएटरात अमेरिकन माणसं, ही गोष्ट लंडनच्या सरकारला सलत होती. म्हणून १९२७ मध्ये सिनेमॅटोग्राफ फिल्म्स अ‍ॅक्ट आला. चित्रपट वितरित करणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या मालात ठरावीक हिस्सा ब्रिटिश चित्रपटांचा ठेवायचा आणि थिएटरवाल्यांनीही ठरावीक हिस्सा ब्रिटिश दाखवायचा. सुरुवात वितरकांसाठी साडेसात टक्के आणि थिएटरांसाठी पाच टक्के. पुढे टप्प्याटप्प्याने दोन्ही वीस टक्क्यांवर.

ब्रिटिश चित्रपट कुणाला म्हणायचं, हेही कायद्याने सांगितलं. निर्माता ब्रिटिश नागरिक किंवा ब्रिटिश कंपनी हवी, स्टुडिओतली दृश्यं साम्राज्यातल्याच स्टुडिओत चित्रित झालेली हवीत, पटकथाकार ब्रिटिश हवा, आणि दिलेल्या पगारांपैकी किमान ७५ टक्के पगार साम्राज्यातल्या माणसांच्या खिशात गेलेला हवा. फक्त एका गोष्टीबद्दल कायद्यात अवाक्षर नव्हतं: चित्रपट बरा असावा का? कोटा मोजायचा तो फिल्मच्या लांबीवर, फुटांत.

पॅरामाउंट, वॉर्नर, फॉक्स, एमजीएम या अमेरिकन कंपन्यांच्या लंडनमधल्या कचेऱ्यांनी कायदा नीट वाचला. त्यांना ब्रिटिश चित्रपट विकून नफा कमवायचा नव्हताच. स्वतःचे अमेरिकन चित्रपट विकता यावेत म्हणून इतके इतके फूट ब्रिटिश फिल्म हातात असायला हवी, एवढंच त्यांना दिसत होतं. मग त्या लहान ब्रिटिश निर्मात्यांकडे गेल्या आणि दर ठरला, एका फुटाला एक पौंड. या चित्रपटांना नाव पडलं ‘कोटा क्विकी’. वॉर्नरने तर टेडिंग्टनला स्वतःचाच स्टुडिओ चालवला, फॉक्सने वेम्बलीला.

आता थोडा हिशोब करू. बोलपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट सरकते. सहा हजार फुटांचा चित्रपट म्हणजे साधारण ६७ मिनिटं, आणि निर्मात्याच्या हातात येणार सहा हजार पौंड. त्यातच स्टुडिओचं भाडं, फिल्म, सेट, नट, लेखक, दिग्दर्शक, लाइटवाले. जे उरेल तो नफा. चित्रीकरण दहा-बारा दिवसांत उरकायचं म्हणजे रोज पाच-सहा मिनिटांचा तयार चित्रपट हातात यायला हवा.

हा हिशोब समजला की पडद्यावरच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. नट वाक्यात अडखळला, तर पुन्हा चित्रीकरण करायचं का? केलं तर फिल्म जाते, वेळ जातो, म्हणजे निर्मात्याच्या नफ्यातून पैसे जातात. अर्थ पोहोचला ना? पुढे चला. क्लोज-अपसाठी दिवे पुन्हा लावावे लागतात, त्यात अर्धा तास मोडतो. त्यापेक्षा चार जणांना एका ओळीत उभं करा आणि पूर्ण प्रसंग एका दमात उरका. शिवाय पैसे फुटावर. मग इन्स्पेक्टर दारातून टेबलापर्यंत सावकाश चालत आला आणि त्याने सिगारेट शिलगावायला वेळ घेतला, तर कुणाचं नुकसान? उलट तेवढे फूट वाढले.

ट्विकनहॅमचे मालक ज्युलियस हेगन यांनी हा धंदा सर्वांत शिस्तीत चालवला. त्यांच्या स्टुडिओत दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा दोन्ही पाळ्या चालत. तिन्ही पॉयरोपट याच कारखान्यातले. आता नटाच्या बाजूने बघा. लंडनच्या आसपास स्टुडिओ असण्याचा मोठा फायदा म्हणजे वेस्ट एंडचे नट मिळायचे. दिवसा स्टुडिओत, संध्याकाळी रंगमंचावर, नाहीतर प्रयोग संपवून रात्रपाळीला. पाठांतर गाडीत, तालीम जवळपास नाहीच. अशा माणसाचा चेहरा मध्यरात्री प्रखर दिव्यांखाली थोडा निर्विकार दिसला, तर त्याला काय म्हणायचं?

पैशांइतकाच दुसरा गुन्हेगार म्हणजे मायक्रोफोन. कोटा लागू झाला १९२८ मध्ये आणि लगेच वर्षभरात बोलपट आले. सुरुवातीला कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून तो बंद खोक्यात ठेवायचे, त्यामुळे त्याला हलता यायचं नाही. मायक्रोफोनही एका जागी. म्हणून नटही एका जागी. माणसं फुलदाणीभोवती घोळका करून का बोलतात, याचं उत्तर बऱ्याचदा फुलदाणीतच असायचं. ‘द क्लू ऑफ द न्यू पिन’ हा १९२९चा, एडगर वॉलेस यांच्या कादंबरीवरचा, ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या बोलक्या गुन्हेपटांपैकी एक. त्याचा आवाज ग्रामोफोनसारख्या तबकडीवर होता. तबकडीतला चुकलेला शब्द कात्रीने कापून काढता येत नाही. त्यात काम करणाऱ्यांमध्ये तरुण जॉन गिलगुडही होते, पुढे ज्यांच्या आवाजासाठी लोक शेक्सपिअर ऐकायला जात.

त्याच वर्षीच्या हिचकॉकच्या ‘ब्लॅकमेल’ची गोष्ट प्रसिद्ध आहे. हा काही क्विकी नव्हे, चांगला खर्च करून केलेला चित्रपट. पण मूकपट म्हणून सुरू झाला आणि मध्येच बोलपट करायचं ठरलं. नायिका अ‍ॅनी ओंड्रा हिच्या इंग्रजी उच्चारांना चेक वळण होतं आणि लंडनच्या दुकानदाराच्या मुलीला ते शोभेना. आवाज नंतर भरण्याची सोय अजून नव्हती. तेव्हा जोन बॅरी ही नटी चौकटीच्या बाहेर मायक्रोफोनपाशी उभी राहून संवाद म्हणायची आणि ओंड्रा कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवायची, दोन्ही एकाच वेळी. ओंड्राच्या चेहऱ्यावर कुठे कुठे जो अवघडलेपणा दिसतो, तो दुसरीच्या श्वासाबरोबर आपले ओठ जुळवण्याचा आहे. हे माहीत नसेल तर आपण सरळ म्हणू, बाईला अभिनय येत नाही.

तिसरं कारण उच्चारांचं. वेस्ट एंडच्या नटांची जडणघडण अशी की शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत प्रत्येक अक्षर पोहोचलं पाहिजे. ते उच्चार उच्चवर्गीय लंडनचे. पण गुन्हेपटात खिसेकापू लागतात, मोटार हाकणारे लागतात, मोलकरणी लागतात. मग मेफेअरच्या दिवाणखान्यात शोभणारी माणसं गोदीतल्या हमालाचा आवाज काढायची, आणि तो आवाज हमालाचा न वाटता हमालाची टिंगल वाटायची. मालिकेतला शेतकरी पाठ्यपुस्तकातल्या मराठीत ‘मी शेतावर जाऊन येतो’ म्हणतो तेव्हा आपल्याला जसं होतं, तसं ब्रिटनच्या उत्तरेतल्या गिरणगावांतल्या प्रेक्षकांना व्हायचं. त्यांच्यापैकी अनेकांना आपल्याच देशातल्या या बड्या आवाजांपेक्षा हॉलिवूडचे अमेरिकन आवाज जवळचे वाटत.

गॉर्डन हार्करसारखा नट त्यामुळेच वेगळा उठून दिसतो. जन्म लंडनचा, खालचा ओठ पुढे आलेला, बोलणं रस्त्यावरचं. वॉलेस यांच्या नाटकांत आणि चित्रपटांत तो चोर झाला, पुढे इन्स्पेक्टरही झाला. त्याच्या आजूबाजूचे सगळे संवाद म्हणत असतात आणि हा फक्त बोलतो. पैसे तेवढेच, दिवे तेच, मायक्रोफोन तोच. म्हणजे सगळं काही यंत्रणेवर ढकलून मोकळं होता येत नाही, हेही मान्य करायला हवं. काही जण खरोखरच वाईट नट होते. फक्त आपल्याला वाटतात तितके जास्त नव्हते.

आणि एक नट तर असा, की त्याच्या बाबतीत ‘वाईट अभिनय’ हे शब्दच अपुरे पडतात. टॉड स्लॉटर. स्लॉटर म्हणजे कत्तल, आणि हे आडनाव खरं होतं. फक्त नॉर्मनचं टॉड झालं. १८८५चा जन्म, न्यूकॅसलचा. १९२०च्या दशकात लंडनच्या एलिफंट अँड कॅसल थिएटरमध्ये तो शंभर-शंभर वर्षं जुनी रक्तरंजित मेलोड्रामा नाटकं करायचा. त्यातलं एक ‘मारिया मार्टेन’. ही खरी घटना: सफोकमधल्या पोलस्टेड गावात १८२७ मध्ये विल्यम कॉर्डरने मारियाचा खून करून तिला धान्याच्या कोठारात पुरलं आणि १८२८ मध्ये तो फासावर गेला. तेव्हापासून ही गोष्ट गावोगावच्या रंगमंचांवर खेळली जात होती. १९३५ मध्ये निर्माते जॉर्ज किंग यांनी त्यावर चित्रपट केला आणि पन्नाशीच्या स्लॉटरला कॉर्डर म्हणून पडद्यावर आणलं. मग १९३६ मध्ये ‘स्वीनी टॉड’, १९३९ मध्ये ‘द फेस अ‍ॅट द विंडो’, १९४० मध्ये ‘क्राइम्स अ‍ॅट द डार्क हाउस’.

स्लॉटर पडद्यावर डोळे फिरवतो, हात चोळतो, घशातून घुर्रर्र करत हसतो. आज कुठल्याही अभिनयाच्या वर्गात हे केलं तर बाहेर काढतील. पण त्याला बघताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. बाकीचे नट नको ते करताना दिसतात, कारण त्यांना दुसरंच काहीतरी करायचं आहे आणि ते जमत नाहीये. स्लॉटरला जे करायचं आहे ते तो शंभर टक्के करतोय. व्हिक्टोरियन मेलोड्रामात खलनायकाने प्रेक्षकांशी संधान बांधायचं असतं. त्यांनी ‘हूं’ करून ओरडायचं, शिव्या घालायच्या आणि त्याने त्या आनंदाने झेलायच्या. थिएटरातली ही देवाणघेवाण त्याने तशीच्या तशी कॅमेऱ्यासमोर आणली. ग्रॅहम ग्रीन चित्रपट परीक्षणं लिहायचे तेव्हा त्यांनी ‘द फेस अ‍ॅट द विंडो’ची मनापासून तारीफ केली होती. आपण एक मरणपंथाला लागलेली कला फिल्मवर पाहतोय, हे आज कळतं. स्लॉटरने ती शेवटपर्यंत सोडली नाही. १९५६ मध्ये डर्बीला ‘मारिया मार्टेन’चाच प्रयोग करून तो गेला.

या चित्रपटांबद्दलचा सर्वांत लोकप्रिय किस्सा असा: लंडनच्या बड्या थिएटरांत क्विकी सकाळी लावायचे, जेव्हा आत फक्त झाडू मारणाऱ्या बायका असायच्या. कायद्याच्या दृष्टीने चित्रपट ‘दाखवला’ गेला, प्रेक्षकांना त्रास नाही. किस्सा मजेदार आहे आणि वर्षानुवर्षं तो सांगून या सगळ्या चित्रपटांवर एकच शिक्का बसला, की हा कचरा होता. पण स्टीव्ह चिबनॉल या अभ्यासकाने २००७ मध्ये कोटा क्विकींवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि दाखवलं की लहान शहरांतल्या, उपनगरांतल्या थिएटरांत हे चित्रपट सरळ दुसरा चित्रपट म्हणून लागत होते आणि लोक ते बघत होते. विशेषतः गुन्हेपट. तासाभरात खून, संशयित, उलगडा.

आणि त्या कारखान्यात माणसं शिकत होती. मायकेल पॉवेल यांनी पाच-सहा वर्षांत वीसहून जास्त क्विकी केल्या. १९३२चा ‘रायनॉक्स’ जेमतेम ४८ मिनिटांचा, पण त्यातल्या सावल्या आणि कोन बघून कळतं की हा माणूस मुकाट्याने फूट भरत नाहीये. पुढे हेच ‘द रेड शूज’चे दिग्दर्शक. १९३५च्या ‘लेट एक्स्ट्रा’त पत्रकार झालेला जेम्स मेसन, त्याचा हा पहिलाच चित्रपट. आणि १९३३चा ‘द घोस्ट कॅमेरा’, दिग्दर्शक बर्नार्ड व्होरहाउस. एका भिडस्त रसायनतज्ज्ञाच्या हाती चुकून एक कॅमेरा लागतो, त्यातली फिल्म धुतल्यावर एका फोटोत खून दिसतो. नायिका आयडा लुपिनो तेव्हा पंधरा वर्षांची. संशयित तरुण म्हणजे जॉन मिल्स. आणि संकलक? डेव्हिड लीन. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’वाले लीन. व्होरहाउस यांच्याकडून आपण शिकलो, हे त्यांनी पुढे सांगितलंही. हाही ट्विकनहॅमचाच माल, त्याच घाईतला. अभिनय कुठे कुठे लाकडी आहेच, पण त्याच लाकडात एखाद्या क्षणी मिल्सच्या डोळ्यांत खरी भीती चमकते आणि आपण सरसावून बसतो.

१९३६ मध्ये सरकारने नेमलेल्या मॉयन समितीने म्हटलं की नुसती संख्या मोजून भागणार नाही, दर्जाही पाहायला हवा. मग १९३८च्या नव्या कायद्याने किमान खर्चाची अट घातली: चित्रपटावरच्या मजुरीचा आकडा किमान साडेसात हजार पौंड हवा, आणि जास्त खर्चाचा चित्रपट कोट्यात दुप्पट, तिप्पट धरला जाईल. फुटाला एक पौंडाचा धंदा तिथे संपला. हेगन यांची कंपनी त्याआधीच, १९३७ मध्ये, बुडाली होती.

या गोष्टीचं एक टोक आपल्याकडेही येतं. १९२७च्या कायद्यात ‘ब्रिटिश’ म्हणजे साम्राज्यातलं काहीही, म्हणजे मुंबईत बनलेला चित्रपटही कागदोपत्री ब्रिटिश! आणि त्याच वर्षी इथे रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी नेमली गेली. साम्राज्यातल्या चित्रपटांना भारतात झुकतं माप द्यावं का, हा तिच्यापुढचा एक प्रश्न होता. देशभर फिरून तिने ३५३ साक्षी नोंदवल्या. साक्ष देणाऱ्यांत दादासाहेब फाळकेही होते. १९२८च्या अहवालात समितीने ब्रिटिश चित्रपटांना खास सवलत द्यायला नकार दिला. मुद्दा साधा होता: अमेरिकन चित्रपटांचा पूर घातक असेल, तर दुसऱ्या पाश्चात्त्य देशाच्या चित्रपटांचा पूर कमी घातक कसा? नाहीतर फुटाला एक पौंडवाले इन्स्पेक्टर गिरगावातही टोपी काढून उभे राहिले असते.

हे सगळं मला आत्ता का महत्त्वाचं वाटतं? कारण कोटा हा शब्द आपल्यासाठी इतिहासजमा झालेला नाही. मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम मिळावा, हा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये जाहीर केला तेव्हाचा वाद आठवत असेल. मला तो निर्णय पटला होता, आजही पटतो. दांडग्यांच्या बाजारात लहान भाषेला जागा राखूनच ठेवावी लागते. ब्रिटनचा कोटाही फसला असं मी म्हणणार नाही. तो नसता तर पॉवेल आणि लीन शिकले कुठे असते? पण नियम जे मोजतो तेच तयार होतं. फूट मोजले तर फूट मिळतात. आणि जे तयार होतं त्याची लाज वाटते ती फूट मोजणाऱ्याला नव्हे, पडद्यावर ज्याचा चेहरा दिसतो त्याला. लंडनच्या कचेरीत बसून सहा हजार पौंडांवर सही करणाऱ्याचं नाव आज आपल्याला ठाऊक नाही. रात्रपाळीत वाक्य चुकलेल्या नटाचं नाव श्रेयनामावलीत आहे, आणि त्याची क्लिप काढून आपण ग्रुपवर टाकतो.

निदान ज्याची क्लिप काढता येते तो तरी सुदैवी. कचरा ठरलेल्या गोष्टी कुणी जपून ठेवत नाही. पॉवेल यांचा १९३१चा ‘टू क्राउडेड अवर्स’ हरवला आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये सर्वांत हव्या असलेल्या ७५ हरवलेल्या चित्रपटांची यादी केली, त्यात तो आहे. टेडिंग्टनला झालेला ‘मर्डर अ‍ॅट मॉन्टे कार्लो’, जो केल्यावर एरल फ्लिन नावाच्या अनोळखी तरुणाला वॉर्नरने हॉलिवूडला नेलं, तोही हरवला आहे. ट्रेव्हर यांचे ‘अलिबाय’ आणि ‘ब्लॅक कॉफी’ही गेले. त्यांचा पॉयरो चांगला होता की वाईट, याचा तीनपैकी एकच पुरावा उरला आहे.

तो मी दुसऱ्यांदा पाहिला. मिशा नाहीत याची एव्हाना सवय झाली होती. ट्रेव्हर ठरलेल्या जागी उभे राहतात, वाक्य पूर्ण करतात, समोरच्याची पाळी येईपर्यंत थांबतात. घाईत, पण नेटकं. १९६५ मध्ये पॉयरोवर ‘द अल्फाबेट मर्डर्स’ नावाचा चित्रपट आला. त्यात पॉयरो होता टोनी रँडल, मिशांसह. आणि एका छोट्याशा भूमिकेत होते ऑस्टिन ट्रेव्हर. सेटवरच्या किती जणांना माहीत असेल, की हा म्हातारा नट या भूमिकेतला पहिला माणूस आहे?